गहू सोडून खरंच कोणाचं भलं होते? (घरात तीन मतं, चौथी आई)

पांदणरस्ता
राम राम मंडळी. जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

दिवाळीत पुण्याहून मेहुणी आली होती. ती म्हणे वर्षभरापासून ग्लूटेन-फ्री आहे. चार दिवस राहिली, भाकर खाल्ली, आणि जाता जाता बॉम्ब टाकून गेली: "जिजाजी, गहू सोडा, घरातली अर्धी दुखणी पळतील." तेव्हापासून आमच्याकडे रोज जेवताना महाभारत चालू आहे.

आम्ही दारव्हा तालुक्यातले. विहिरीच्या पाण्यावर दोन एकर गहू असतो, कोठीत वर्षाचं धान्य भरून आहे. बायको म्हणते, घरचा लोकवन सोडून दुकानातलं महागडं पीठ आणायचं तर आधी मला माहेरी पाठवा. आई म्हणते, गहू हे लक्ष्मीचं धान्य, त्याला नावं ठेवू नये. मी मध्ये.

दुखणी सांगतो. १) मला ॲसिडिटी, संध्याकाळी छातीत जळजळ. २) आईचे गुडघे, खाली बसता येत नाही. ३) धाकटी नऊ वर्षांची आहे, दोन वर्षांत फ्रॉक लहान झाला नाही, रक्त कमी म्हणून टॉनिक चालू असते. पण आमच्या घराण्यात सगळेच बुटके, त्यामुळे ते सोडा.

प्रश्न एवढाच: गहू सोडून कोणाला फायदा होतो, आणि आमच्यापैकी कोणी त्यात बसतो का?

वऱ्हाडी_ठेचा
भाऊ, छातीत जयजय होते तर गव्हाले काहून बदनाम करता? आधी सांगा, दिवसाले तंबाखूचे खर्रे किती होतेत?

पांदणरस्ता
ठेचाभाऊ, विषय ग्लूटेनचा आहे.

वऱ्हाडी_ठेचा
म्हंजे चारच्या वर हायेत. समजलो.

हलका_झालो
माझा अनुभव. गेल्या पाडव्याला गहू सोडला, सहा महिन्यांत सहा किलो उतरलो. पोट हलकं, झोप चांगली. ज्याला शंका असेल त्याने महिनाभर करून पाहावं. पैसे लागत नाहीत, डॉक्टर लागत नाही.

रानमेथी
@हलका_झालो, दादा, गव्हासोबत आणखी काय काय सुटलं ते पण सांगा ना. चहासोबतची खारी, स्टँडवरचा समोसा, रात्रीची ब्रेड?

हलका_झालो
ते तर सुटलंच. त्यात मैदा असतो ना.

रानमेथी
मग झालं. सहा किलो समोशाचे होते, पोळी उगाच बदनाम झाली :)

चक्कीवाला_बापू
मी चक्की चालवतो म्हणून दोन शब्द. चिकटा म्हणजे काय ते दळणाऱ्याला हातानं कळते. कणकेचा गोळा नळाखाली धरून धूत राहा. पांढरं पाणी निघून जाते, मागे रबरासारखं काहीतरी हातात उरते. तेच ग्लूटेन. त्याच्यामुळे पोळी ताणते, फुगते. ज्वारीत ते नाही, म्हणून भाकरीला गरम पाणी घालून पीठ मळून मळून रग काढावी लागते, आणि तरी थापताना कडा फाटतातच. माझी आई म्हणायची, गव्हाची पोळी कोणीही करते, भाकर मात्र हात पाहते.

आजकाल लोक खपली गहू आणतात आणि सांगतात, यात ग्लूटेन नसते. असते बाप्पा. लोकवन घ्या, शरबती घ्या, बन्सी घ्या, खपली घ्या, गहू म्हटला की ते आलंच. जवातही असते.

कुरडईवाली_मावशी
बापू, मग कुरडईचं काय? आपण तीन दिवस गहू भिजवतो, वाटतो, चोथा पिळून फेकतो आणि नुसता चीक शिजवतो. म्हणजे तुमचं ते रबर चोथ्यात गेलं ना? कुरडई चालायला पाहिजे!

पळसफूल
मावशी, हा प्रश्न माझ्या सासूबाईंनी पण विचारला होता, आणि मी खरंच दोन दिवस विचार करत बसले होते. चीक म्हणजे मुख्यतः स्टार्च, बरंचसं ग्लूटेन चोथ्यासोबत जाते हे खरं. पण घरच्या पिळण्यात ते सगळं जात नाही. ज्याला सिलिॲक (ग्लूटेननं आतडं बिघडण्याचा आजार) आहे त्याला एवढंसं पण बाधते. बाजारात ग्लूटेन-फ्री लिहायचं तर किलोमागे २० मिलिग्रॅमच्या वर ग्लूटेन चालत नाही. आपलं पिळणं त्या मापात बसेल याची हमी कोण देणार?

पांदणभाऊ, मी वाचता वाचता थांबले ते तुमच्या तिसऱ्या क्रमांकावर. तुम्ही लिहिलं "ते सोडा". भाऊ, बाकी दोन सोडा, ते धरा.

माझा मुलगा आता अकराचा आहे. चार वर्षांचा होता तेव्हा पोट घागरीसारखं आणि हातपाय काड्या. दिवसातून चार-पाच वेळा परसाकडे, घाण वास, वर तरंगणारं. कोणी म्हटलं जंत, कोणी म्हटलं मुडदूस, शेजारच्या काकूंनी मीठ-मिरची ओवाळून टाकली. जंताचं औषध तीनदा झालं. लोहाचं सिरप इतकं पाजलं की दात काळे झाले, पण रक्त आठच्या वर जाईना. आमच्या गावाजवळच्या एका दवाखान्यात सांगितलं, "खायला घाला, आई लक्ष देत नाही." ते वाक्य अजून कानात आहे. मी त्याला तूप लावून गव्हाची पोळी भरवत होते. दिवसातून तीनदा. लक्ष देऊन.

शेवटी नागपूरला पोटाच्या डॉक्टरांनी रक्ताची टीटीजी नावाची तपासणी केली, मग दुर्बिणीने आतड्याचा तुकडा काढून पाहिला. आतड्याला आतून मखमलीसारखे बारीक अंकुर असतात म्हणे, अन्नरस तेच ओढून घेतात. याचे सपाट झाले होते. म्हणजे मी घालत होते ते नुसतं वाहून जात होतं.

गहू बंद केल्यावर दोन आठवड्यांत परसाकडचं सुधारलं. पण मला आठवते तो दिवस वेगळा आहे. तीन महिने झाले असतील, मी चुलीजवळ होते आणि मागून आवाज आला, "आई, आणखी एक भाकर." त्यानं तोवर कधीच दुसऱ्यांदा मागितलं नव्हतं.

वऱ्हाडी_ठेचा
ताई, दंडवत. मी वरती लय फालतूगिरी केली, तिसरा नंबर मी बी नीट वाचला नोता.

ओपीडी_नंतर
ग्रामीण भागात प्रॅक्टिस करतो, पोटाचा तज्ज्ञ नाही, हे आधीच सांगतो. पळसफूल यांनी बरोबर नस पकडली. मी फक्त कोणाला काय ते वेगळं करतो, कारण "गव्हाची ॲलर्जी" या एकाच शब्दात आपण तीन-चार गोष्टी कोंबतो.

सिलिॲक ही ॲलर्जी नाही. त्यात ग्लूटेन पोटात गेलं की शरीराची संरक्षण यंत्रणा स्वतःच्याच आतड्यावर उठते. याला औषध नाही. गहू, जव, राय (परदेशातलं एक धान्य, मोहरी नव्हे) आयुष्यभर बंद, हाच उपाय, आणि तो पूर्ण पाळला तर माणूस ठणठणीत राहतो. लक्षणं पोटाचीच असतील असं नाही. उंची न वाढणं, लोह देऊनही रक्त न चढणं, तोंडात वारंवार फोड, हाडं ठिसूळ, पाळी उशिरा येणं, मूल न राहणं, यातलं एखादंच दिसू शकतं. उत्तर भारतात शंभरात एकाच्या आसपास प्रमाण आढळलं आहे, दक्षिणेत बरंच कमी. लागणारी जनुकं तशी पुष्कळांकडे असतात, तिघांपैकी एकाकडे म्हणा, पण आजार त्यातल्या थोड्यांनाच होतो. सख्ख्या भावंडांत आणि आईवडिलांत धोका जास्त, म्हणून एकाला निघाला की बाकीच्यांचं रक्त तपासायचं. लहानपणापासून इन्सुलिनवर असलेली मुलं, थायरॉईडच्या ठरावीक आजाराचे रुग्ण, डाऊन सिंड्रोमची मुलं, यांच्यातही ते जास्त सापडतं.

खरी ॲलर्जी वेगळी. तिथे खाल्ल्यावर थोड्याच वेळात गांधी उठतात, ओठ सुजतात, धाप लागते. काहींना तर पोळी खाऊन लगेच धावपळ केली तरच त्रास होतो. त्यांनी गहू टाळायचा, पण जव त्यांना चालू शकतो. ते तपासून ठरतं.

आता धोक्याची सूचना. तपासणीआधी गहू सोडू नका. गहू बंद केला की रक्तातल्या त्या खुणा उतरत जातात, आतडंही सावरायला लागतं, रिपोर्ट कोरा येतो. चोर गेल्यावर पंचनामा करण्यासारखं आहे ते. @हलका_झालो, "महिनाभर करून पाहा" हा सल्ला म्हणूनच या मुलीसाठी घातक आहे, राग मानू नका.

आणि एक, आपल्या विदर्भात रक्त कमी दिसलं की सिकलसेलची तपासणी आधी. ती झाली का मुलीची?

पांदणरस्ता
शाळेत शिबिर झालं होतं, सिकलसेल नाही असं कार्ड आहे. बाकी काहीच केलं नाही. खरं सांगतो, रात्री तिची दोन वर्षांपूर्वीची चप्पल काढून पायात घालून पाहिली. बसली.

निवृत्त_मास्तर
भंडारा जिल्ह्यातून. थोडं इतिहासाचं, कंटाळा आला तर पुढे जा.

सिलिॲक हा आजार गव्हाशी जोडला तो डिके नावाच्या डच बालरोगतज्ज्ञाने. त्याला गव्हाचा संशय युद्धाआधीपासूनच होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये भीषण उपासमार झाली, पाव मिळेना. तेव्हा सगळी मुलं वाळत असताना या आजाराची मुलं उलट सुधारली, आणि पाव परत मिळू लागला तशी पुन्हा आजारी पडली. १९५० मध्ये त्याने यावर प्रबंध लिहिला. वर्गात ही गोष्ट मी विज्ञानाच्या तासाला सांगत असे. मुलांना गंमत वाटे की दुष्काळात कोणाची तब्येत सुधारली.

आमचा भाग धानाचा. लहानपणी पोळी फक्त सणाला आणि पाहुणा आला तर. मग रेशनचा गहू आला.

धानाचा_कोठा
मास्तर, सही. गोंदियाकडे आजही सकाळी आंबील, दुपारी भात, रात्री भात. आम्ही जन्मतःच ग्लूटेन-फ्री, फक्त कोणी सांगितलं नव्हतं. तो तांदळाचा एचएमटी वाण आमच्या शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या दादाजी खोब्रागडेंनी शोधला, पोटात हलका, शिजायला मस्त. पुण्याच्या मेहुणीला पाठवा एक कट्टा.

रानमेथी
माझा प्रश्न वेगळा आहे. माझी टीटीजी नॉर्मल, ॲलर्जी नाही, तरी पोळी खाल्ली की पोट ढोलकं होते. भाकरीवर राहिले की बरं वाटते. घरचे म्हणतात मनाचे खेळ. मी कोणत्या खोक्यात बसते?

ओपीडी_नंतर
मनाचे खेळ म्हणू नये. सिलिॲक नसूनही गव्हाने त्रास होणारे लोक असतात, त्यांच्यासाठी ठोस तपासणी मात्र नाही. आणि गुन्हेगार ग्लूटेनच असेल असंही नाही. गव्हात फ्रुक्टन नावाची साखरेची साखळी असते, ती आतड्यात आंबते आणि वायू धरते. नॉर्वेत २०१८ मध्ये ५९ लोकांवर एक प्रयोग प्रसिद्ध झाला. सगळे स्वतःला ग्लूटेन बाधतं असं मानणारे. त्यांना न सांगता कधी ग्लूटेन, कधी फ्रुक्टन, कधी दोन्ही नसलेलं दिलं. जास्त त्रास फ्रुक्टनने झाला. कांदा-लसणातही तेच असतं. कांद्याच्या झुणक्यानंतर कसं वाटतं तुम्हाला?

रानमेथी
...डॉक्टर, तुम्ही आमच्या स्वयंपाकघरात कॅमेरा लावला का?

तुमचं झेपणारं प्रमाण शोधा असंच ना? दोन पोळ्या चालतात, चार नाही.

ओपीडी_नंतर
अगदी. तुम्हाला कणभराची भीती बाळगायचं कारण नाही. पळसफूलताईंच्या मुलाला आहे.

सावजी_पण_शाकाहारी
माझ्या काकांना कोपर, गुडघे आणि ढुंगणावर खाजरे बारीक फोड यायचे, दोन्ही बाजूंना सारखे. सात-आठ वर्षं खरजेचं मलम चोळलं. शेवटी कातडीचा तुकडा तपासला तर हाच सिलिॲक, कातडीवर उमटलेला. गोळ्यांनी खाज आठवड्यात थांबली, पण गहू सोडला तेव्हा गोळ्या सुटल्या. पोटाची तक्रार त्यांना कधीच नव्हती.

एकबैली
सगळे म्हणून रायले भाकर खा, भाकर खा. जवारी पेरते कोन आता? आमच्या शिवारात मागच्या साली मी एकट्यानं अर्धा एकर पेरली. अर्धी पाखराईनं नेली, उरलेली रानडुकराईनं लोयवली. रात्री टेंबे घेऊन जागल केली, तरी रोही (नीलगाई) येऊन गेले. सोंगाले मजूर नाही, कनसं खुडाले मजूर नाही. सोयाबीन आलं अन् जवारी गेली, कडबा गेला, बैलं गेले. आता तेच शेरवाले जवारीले हेल्दी म्हनते अन् गव्हाच्या वर भाव देतेत, तो बी व्यापाऱ्याले.

कुरडईवाली_मावशी
खरं आहे रे बाबा. पूर्वी जावयाला पोळी आणि गड्याला भाकर असायची. आता जावई भाकर मागतो.

वऱ्हाडी_ठेचा
मावशी, हे वाक्य ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लिवा.

पांदणरस्ता
पळसफूलताई, उद्या मुलीला घेऊन यवतमाळला निघतो. धरून चालू की निघालंच. घरात तुम्ही हे कसं निभावता? आमच्याकडे नऊ माणसं, एक चूल, एक काठवट.

पळसफूल
आधी काठवट. मी मुलासाठी वेगळी घेतली, कडेला लाल दोरा बांधला. तवा वेगळा, पोळपाट-लाटणं वेगळं, कारण लाकडाच्या चिरांत कणीक बसते, धुऊन निघत नाही. त्याची भाकर आधी थापायची, पोळ्या नंतर. सासूबाई म्हणायच्या, "एवढ्याशा कणकेनं काय होते?" मी वाद घातला नाही. एकदा त्यांनी प्रेमानं त्याच्या वरणात पोळी कुस्करली आणि रात्रभर उलट्या झाल्या, त्या दिवसापासून लाल दोऱ्याच्या पहारेकरी त्याच आहेत.

दिसत नाही तिथे जास्त सांभाळा. डबीतला बांधानी हिंग बहुतेक मैदा घालून केलेला असतो, लेबल वाचा, नाहीतर फोडणीत हिंगच नको. सातूच्या पिठात गहू असतो. पोरांना दुधात घालायच्या पावडरीत बऱ्याचदा जवाचं माल्ट असते. सुटं बेसन नको, घरची डाळ दळा. ओट्स शहरात औषधासारखे विकतात, पण त्यात गव्हाची भेसळ बरीच असते.

शाळेत खिचडी मिळते, ती बरी. त्रास लग्नाचा आणि भंडाऱ्याचा. रोडगे-वरणाच्या पंगतीत पोरगं डबा उघडून बसते तेव्हा चार बाया विचारतातच, "काय झालं जी याले?" सत्यनारायणाच्या शिऱ्याला त्यानं हात जोडले म्हणून एका घरी रागावले होते. आता तो स्वतःच सांगतो, "मले केळ द्या प्रसादाचं."

तयार ग्लूटेन-फ्री बिस्किटांच्या मागे लागू नका. महाग, आणि साखर-तूप ठासून. भाकर, भात, वडा-भात, पाटोडी, धिरडी, पोहे, साबुदाणा, भगर, राजगिरा. आपलं ताट त्यानेच भरलेलं आहे.

हलका_झालो
म्हणजे रोज एकादशी!

चक्कीवाला_बापू
ताईंनी चक्की सांगितली नाही, ती मी सांगतो, कारण तिथेच घोळ होतो. गव्हानंतर लगेच ज्वारी टाकली तर दगडांच्या मध्ये, नळीत, तोंडाला बांधलेल्या कापडात गव्हाचं पीठ असतेच. पहिलं किलो-दोन किलो पीठ मिसळलेलंच उतरते. वर हवेत उडते ते वेगळं.

आमच्या गावात अशी एक पोरगी आहे. दगडाला टाकी लावतो त्या दिवशी तिच्या बापाला फोन करतो. पाट उघडलेले असतात, झाडून पुसून साफ करतो, कापड नवीन बांधतो. टाकी लावल्यावर खडी निघायला थोडं धान्य वाया घालवावंच लागते, ते मी ज्वारीचं घालतो. मग तिचं महिन्याचं दळण. त्यानंतर गावाचं.

पळसफूल
बापू, तुमच्यासारखा चक्कीवाला प्रत्येक गावाला मिळो. तरी मी जातंच वापरते. सासूबाईंचं माळ्यावर पडलं होतं, वर्षानुवर्षं कोणी हात लावला नव्हता. घासून-धुऊन दोन वेळा ज्वारी दळून फेकली, मग सुरू केलं. खांदे भरून येतात, पण झोप लागते.

पांदणरस्ता
तीन आठवड्यांनी येतो आहे, माफ करा.

टीटीजी खूप वाढलेली आली. डॉक्टर म्हणाले, रिपोर्ट बोलका आहे, पण दुर्बीण करून घेऊ. पुढच्या गुरुवारी नागपूरची तारीख आहे. तोवर पोळी चालू ठेवायची. बायको रोज सकाळी पोळी लाटते आणि डोळे पुसते, म्हणते, माहीत असून कशी वाढू. मी डॉक्टरांचं वाक्य सांगतो, पंचनाम्याचं. मोठ्या मुलाचं आणि आम्हा दोघांचंही रक्त दिलं आहे.

आईचे गुडघे झिजलेले आहेत, फोटोत दिसलं. गव्हाचा संबंध नाही. आईनं ते ऐकून सगळ्यांकडे असं पाहिलं की जणू लक्ष्मीची बाजू कोर्टात जिंकली.

कोठीतला गहू विकायला काढतो. एकबैली भाऊ, ज्वारीचं बियाणं कुठून घेतलं ते सांगा, आणि रोहीचं काय करायचं ते पण.

एकबैली
बियानं कृषी विद्यापीठाचं, अकोल्यावरून आनलं. रोहीचं कोनी काईच करू शकत नाई. घराजवयच्या तुकड्यात पेरा, कुत्रं बांधा.

पळसफूल
भाऊ, गुरुवारी दुर्बीण झाली की डॉक्टरांना तिथेच विचारा, आता बंद करू का. हो म्हणाले की त्याच मिनिटापासून. भाकरीचा डबा सोबत न्या, नागपूरच्या स्टँडवर तिला चालेल असं पटकन काही सापडत नाही. आणि वहिनींना माझा निरोप द्या: मी पण भरवत होते.

वऱ्हाडी_ठेचा
सगयं झालं. पन भाऊ, तुमची ॲसिडिटी राह्यली ना? पहिल्या नंबरची?

पांदणरस्ता
बायको हा धागा वाचते आहे. नंतर बोलू.

कुरडईवाली_मावशी
तांदळाच्या कुरड्या उन्हाळ्यात करते मी, वेगळ्या पाटीवर, वेगळ्या सोऱ्यानं. पोरीसाठी पाठवीन, आठवण तेवढी करून द्या.